मळ जातो, तांबे राहते

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकडच्या जुन्या घरांत चिंच दोन प्रकारची असायची. एक खायची आणि दुसरी घासायची. माघ-फाल्गुनात झाडे झोडपून चिंचा खाली आल्या की बायका त्या फोडत, चिंचोके काढत, मीठ लावून गोळे वळत आणि मडक्यात दाबून भरत. वर्षभरात जो गोळा काळा पडे, तो आमटीतून बाद व्हायचा, पण उकिरड्यावर जायचा नाही. गौरी-गणपतीच्या आधी माळ्यावरून समई, ताम्हन, घंगाळ आणि हंडा खाली आला की त्या गोळ्याचा दिवस उजाडायचा. काळवंडलेल्या कळशीवर ओला गोळा चोळायचा, मग राखेने घासायचे आणि पाणी ओतायचे. पाच मिनिटांत काळ्याखालून तांब्याचा गुलाबी रंग वर यायचा. ठाण्याचीच पितांबरी आता दुकानोदुकानी मिळू लागल्यापासून चिंचेचा हा मान उतरला आहे, पण अजून सगळीकडून गेलेला नाही.

आता एक प्रश्न. चिंच आंबट आहे, म्हणजे तिच्यात आम्ल आहे. टार्टारिक आम्ल, आणि तेही बरेच. चिंचेच्या कोळाचा सामू तीनच्या आसपास जातो. आम्ल धातू खाते, असे आपण आठवी-नववीत घोकलेले असते. मग चिंच कळशी का खात नाही? पणजीच्या लग्नात आलेली कळशी चार पिढ्या दर सणाला चिंचेने घासली जाते आणि आजही पाणी धरते, हे कसे?

उत्तर असे की चिंच खाते, पण तांबे खात नाही. ती तांब्यावरचा मळ खाते. आणि आम्ल व धातू यांच्या कारभारात मळ आणि माल या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. या प्रकरणात यापुढे जे काही येईल, ते या एका फरकाभोवतीच फिरणार आहे.

कळशीवरचा काळा थर म्हणजे तांब्याचे ऑक्साइड. कडेला, कानाखाली, पाणी साचून राहते तिथे जो हिरवा धरतो त्याला जुने लोक जंगाल म्हणतात. तो तांब्याचा कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड यांचा मिलाफ. या दोन्हींमध्ये तांबे आहे, पण ते धातू राहिलेले नाही. त्याने आपले इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकले आहेत. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरतो, पैसे हातात पडतात, आणि मग बैल नेणारा फक्त दावे सोडून निघतो. ऑक्साइडच्या बाबतीत आम्ल हा बैल नेणारा माणूस आहे. सौदा हवेतल्या ऑक्सिजनशी कधीच झालेला असतो. आम्लातला हायड्रोजन त्या ऑक्सिजनला धरून पाणी बनवतो, सुटलेले तांबे पाण्यात विरघळते आणि धुण्याबरोबर वाहून जाते. चिंचेचे टार्टारिक आम्ल तर सुटलेल्या तांब्याला दोन्ही बाजूंनी पकडून ठेवते, आणि गोळ्यातले मीठही त्या ओढाताणीत हातभार लावते. खारवलेली चिंच ताज्या चिंचेपेक्षा चांगली घासते, हा बायकांचा अनुभव उगाच नाही.

पण खालचे उघडे तांबे? तिथे सौदा व्हायचाच असतो. धातूच्या तांब्याने विरघळायचे तर आधी इलेक्ट्रॉन द्यायला हवेत, आणि आम्लातल्या हायड्रोजनने ते घ्यायला हवेत. तांबे हायड्रोजनला इलेक्ट्रॉन देत नाही. जस्त देते, लोखंड देते, ॲल्युमिनियम देते, मॅग्नेशियम तर उतावीळपणे देते.

शाळेतल्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत जस्ताचे तुकडे टाकून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की बुडबुडे येतात, आणि तोंडाशी पेटती काडी नेली की 'पॉप' असा आवाज होतो. हा प्रयोग बहुतेकांच्या लक्षात राहतो. त्याचा अर्थ राहतोच असे नाही. तो बुडबुडा म्हणजे जस्ताकडून इलेक्ट्रॉन घेऊन मोकळा झालेला हायड्रोजन. 1766 मध्ये लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने जस्त, लोखंड आणि कथील यांवर आम्ले ओतून हाच वायू गोळा केला, मोजला आणि त्याला 'जळणारी हवा' म्हटले. आमच्या पाठ्यपुस्तकात धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी म्हणून जो तक्ता येतो, तो तिथूनच हळूहळू उभा राहिला. तक्त्यात हायड्रोजन हा धातू नसतानाही मध्ये बसवलेला असतो. मुले विचारतात, हा इथे काय करतो? तो उंबरठा आहे. त्याच्या वरचे धातू साध्या आम्लात विरघळतात आणि खालचे, म्हणजे तांबे, चांदी, सोने, विरघळत नाहीत.

पितळेचे मात्र जरा वेगळे आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा संसार, आणि जस्त उंबरठ्याच्या वरचे. समई पाच मिनिटे चिंचेने घासली तर काही बिघडत नाही. पण कोणी आळस करून तीच समई रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवली, तर सकाळी तिच्यावर लालसर चट्टे दिसतात. पृष्ठभागावरचे जस्त निघून गेलेले असते आणि मागे तांबे उरलेले. सोन्यासारखा पिवळा रंग मग कितीही घासले तरी लवकर परत येत नाही.

इथवर तांबे साळसूद वाटते. तसे ते नाही.

ताक पितळेच्या भांड्यात ठेवले की कळकते. 'कळकणे' हा मराठीतला अतिशय नेमका शब्द आहे. नासणे वेगळे, आंबणे वेगळे, विटणे वेगळे आणि कळकणे वेगळे. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी, ताक, कढी राहिली तर तिला हिरवट छटा आणि जिभेला कसनुशी चव येते, आणि प्यायल्यास मळमळते, उलट्या होतात. म्हणजे तांबे विरघळले. मग उंबरठ्याचे काय झाले?

उंबरठा जागेवरच आहे. तांब्याने हायड्रोजनला इलेक्ट्रॉन दिलेच नाहीत. ते त्याने ताकात विरघळलेल्या हवेतल्या ऑक्सिजनला दिले. ऑक्सिजन हा हायड्रोजनपेक्षा कितीतरी मोठा गिऱ्हाईक. आम्ल, हवा आणि वेळ, हे तिघे जमले की तांबे विरघळते. एकटे आम्ल काही करू शकत नाही. म्हणून पाच मिनिटांची चिंच निर्धोक आणि रात्रभराचे ताक विषारी. आंबटपणा दोन्हीकडे आहे, फरक आहे तो वेळेचा आणि हवेचा.

या कळकण्याची सर्वांत गंभीर गोष्ट पुण्यात घडली, आणि ती ताकाची नसून दुधाची आहे. भारतात एक ते तीन वर्षांच्या बालकांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे. वैद्यकात त्याचे नाव इंडियन चाइल्डहूड सिरोसिस. पोट फुगायचे, यकृत दगडासारखे कडक व्हायचे आणि मूल काही महिन्यांत हातचे जायचे. अशा मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड साठलेले आढळे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश संशोधक स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली. 1983 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याचा रोख आजारी मुलांच्या घरच्या पितळी आणि तांब्याच्या भांड्यांवर होता. आईच्या दुधाऐवजी लवकर सुरू केलेले गाईम्हशीचे दूध, तेही बिनकल्हईच्या भांड्यात तापवलेले आणि ठेवलेले. दूध फारसे आम्लधर्मी नसते, पण त्यातले केसीन हे प्रथिन तांबे घट्ट पकडून ठेवते आणि बाळाच्या पोटात पोचवते. काही मुलांत जन्मजात कमकुवतपणाचाही भाग असावा, असे नंतरच्या अभ्यासकांना वाटते. पण घराघरांत स्टेनलेस स्टील आले, पितळी पातेली माळ्यावर गेली आणि हा आजार पाहता पाहता दुर्मीळ झाला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांतल्या अनेकांनी तो फक्त पुस्तकात वाचला आहे. तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्याला कसे उत्तम, याचे संदेश रोज मोबाइलवर फिरतात. पाण्यापुरते ठीक आहे. त्याच भांड्यात लिंबूसरबत करणाऱ्यांना मात्र पुण्याची ही हकीकत माहीत असायला हवी.

उलट लोखंडी कढईत आंबट शिजवले तर? लोखंडही सुटते, चिंचेची आमटी काळपट होते, पण पोटात जाते ते लोहच. रक्त कमी असलेल्या बाईला ते लागतेच. एकाच चिंचेचा परिणाम पितळेत वाईट आणि लोखंडात बरा.

पितळेवरचा आपला पिढीजात उपाय म्हणजे कल्हई. मुरबाडच्या बाजारपेठेत, म्हसाच्या पौषातल्या जत्रेला, पावसाळा सरल्यावर वाडीवस्तीवर 'कल्हईऽऽ' अशी आरोळी देत फिरणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो पांढरा धूर आठवत असेल. जमिनीत खळगा, त्यात कोळसे, बाजूला भाता. पातेले आधी वाळूने घासून घ्यायचे, मग निखाऱ्यांवर सांडशीने धरून फिरवत तापवायचे. पुरते तापले की चिमूटभर पांढरी पूड टाकायची, तिचा भपकन धूर उठायचा, लगेच कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सरसर पुसायचे. काळेपिवळे भांडे आतून चांदीसारखे व्हायचे. आम्ही मुले याला जादू समजत होतो. खरी जादू त्या पांढऱ्या पुडीत होती, आणि तिच्याकडे कोणी पाहत नसे.

ती पूड म्हणजे नवसागर, अमोनियम क्लोराइड. तापलेल्या धातूवर पडताच ते फुटते आणि त्यातून दोन वायू निघतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा वायू म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लच, फक्त पाण्याशिवायचे. भांडे तापवताना हवेमुळे पृष्ठभागावर ऑक्साइडची नवी कातडी सारखी धरत असते, आणि ऑक्साइडवर कथील बसत नाही. कमळाच्या पानावरच्या थेंबासारखे ते गोळा होऊन पळते. नवसागरातले आम्ल ती कातडी खाऊन टाकते. अमोनियाही मदत करतो, तापलेल्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेऊन तांबे परत उघडे करतो. एकाच चिमटीतून मळ काढणारा आणि मळ पुन्हा धातू करणारा, असे दोघे कामगार सुटतात. ही दोनतीन सेकंदांची संधी साधून कथील पसरावे लागते. ते 232 अंशांना वितळते, म्हणजे या कामाच्या मानाने सहज, आणि उघड्या तांब्याशी त्याचा जो पातळ मिश्र थर जमतो, तोच कल्हईला धरून ठेवतो. बाकीच्या धुराचा पुन्हा नवसागरच होतो, म्हणून तो इतका पांढराशुभ्र दिसतो.

कथील स्वतः उंबरठ्याच्या किंचित वरचे आहे, तेव्हा नियमाने ते ताकात विरघळायला हवे. विरघळते, पण इतके सावकाश, आणि विरघळलेले कथील तांब्याच्या मानाने इतके निरुपद्रवी, की फिकीर करण्याचे कारण नाही. फिकीर करायची ती कथिलात शिसे मिसळणाऱ्यांची. शिसे स्वस्त, तेही चटकन वितळते, आणि नवी कल्हई केलेले भांडे पाहून कोणालाही फरक कळत नाही. आंबट पदार्थ मात्र ते ओळखतो आणि थोडे थोडे पोटात नेतो. कल्हई करून घ्यायची तर कथील शुद्ध आहे ना, हे विचारायला संकोच करू नये.

हे कथील आपल्याकडे मुळात येते कुठून? छत्तीसगडच्या बस्तर भागात थोडे सापडते, बाकी बाहेरून येते, आणि हे आजचे नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या प्रवासमाहितीत भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात तांबे, कथील आणि शिसे आहे. त्याच ग्रंथात कल्याणचेही नाव येते, आणि कल्याणचा माल घाटावर चढायचा तो मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावावरून, नाणेघाटाने. आपला 'कल्हई' हा शब्द अरबी-फारसीतून आला. तिकडे 'कलई' म्हणजे कथीलच.

आता मुरबाडवरून शेजारच्या शहापूर तालुक्यात जाऊ. मध्य रेल्वेवरच्या वासिंदला 1980च्या दशकापासून जिंदाल समूहाचा पोलाद कारखाना आहे. तिथे जस्ताचा मुलामा दिलेले आणि रंगीत पत्रे तयार होतात. या भागातल्या घरांवर पूर्वी कौले असत, काही वाड्यांवर गवत असे. आज नजर जाईल तिथे पत्रा. त्या पत्र्याची कहाणीही कल्हईचीच आहे, फक्त कित्येक पटींनी मोठी.

तापलेल्या पोलादाच्या लाद्या लाटून पत्रा करताना त्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची करडी-काळी खपली धरते. कामगार तिला 'स्केल' म्हणतात. खपलीवर जस्त बसत नाही, जसे ऑक्साइडवर कथील बसत नाही. म्हणून पत्र्याची पट्टी हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाक्यांतून ओढून नेतात. या कामाला कारखान्यांत 'पिकलिंग' म्हणतात, म्हणजे शब्दशः लोणचे घालणे. आणि इथे तांब्याच्या कळशीला नसलेली एक अडचण उभी राहते. तांबे उंबरठ्याखाली होते, मळ गेला की आम्ल आपोआप थांबत होते. लोखंड उंबरठ्याच्या वर आहे. आम्ल खपली खाते आणि न थांबता खालचे पोलादही खायला लागते. माल जातो, आम्ल वाया जाते, हायड्रोजन वायू निघतो. आणि त्यातला थोडा हायड्रोजन पोलादातच शिरून बसतो. उच्च ताकदीचे बोल्ट किंवा स्प्रिंगा अशा हायड्रोजनने ठिसूळ होतात आणि एके दिवशी, फारसा भार नसतानाही, काडकन तुटतात. म्हणून अशा सुट्या भागांना आम्लातून काढल्यावर किंवा मुलामा दिल्यावर भट्टीत तापवून तो हायड्रोजन बाहेर घालवावा लागतो.

मग आम्लाला थांबवायचे कसे? त्यात थोडेसे एक रसायन टाकतात. त्याचे नायट्रोजन असलेले लांबट रेणू उघड्या धातूला जाऊन चिकटतात, पण खपलीला चिकटत नाहीत. मळ उघडा राहतो, माल झाकला जातो. तांब्याला जे निसर्गाने दिले आहे, ते लोखंडाला असे उसने द्यावे लागते. रसायनशास्त्रातल्या मला आवडणाऱ्या युक्त्यांपैकी ही एक आहे. नळ आणि बॉयलर यांतला क्षार काढायला वापरतात त्या द्रावणांतही हेच तत्त्व असते. बाजारातले साधे बाथरूम ॲसिड आणून लोखंडी नळात ओतणाऱ्या घरगुती तज्ज्ञांना ते ठाऊक नसते, आणि नळ वर्षभरात गळू लागतो.

धुतलेली पट्टी मग सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडून बाहेर येते. जस्त लोखंडापेक्षा इलेक्ट्रॉन द्यायला अधिक तयार, म्हणून पत्र्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. हीच तयारी आंबटापुढे उलटते. जस्ती बादलीत ताक, लोणचे किंवा चिंच कधी ठेवत नाहीत, ते यामुळेच. टाक्यांत उरलेले आम्लही फेकून देण्याची गरज नसते. त्यात लोखंडाचे क्लोराइड साठलेले असते. ते तापलेल्या भट्टीत फवारले की हायड्रोक्लोरिक आम्ल परत मिळते आणि खाली लाल पूड पडते, शुद्ध लोह ऑक्साइडची. ती रंगांत आणि लाउडस्पीकरच्या चुंबकांत वापरतात. ही सोय न करता टँकर रात्री नाल्यात रिकामा करणे स्वस्त पडते, हे उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठचे लोक चांगलेच जाणून आहेत. नाल्याच्या गाळात किंवा दुसऱ्या कोणाच्या सांडपाण्यात सल्फाइड असेल, तर आम्ल पडताच हायड्रोजन सल्फाइड उठतो. सडक्या अंड्याचा वास येणारा हा वायू दाट झाला की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच पडतो.

टँकरवरून आठवले. आसनगावजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर उभे राहिले की 'सल्फ्युरिक ॲसिड' असे लिहिलेले टँकर जाताना दिसतात. टँकर साध्या पोलादाचे. इतके जहाल आम्ल पोलादात कसे टिकते? ते जहाल आहे म्हणूनच टिकते. 98 टक्के संहत आम्लात पाणी जवळजवळ नसते. लोखंडावर आयर्न सल्फेटचा थर बसतो, तो तिथे विरघळत नाही आणि चिलखतासारखा राहतो. त्याच टँकरमध्ये पाणी शिरले तर थर विरघळतो, आम्ल पोलाद खायला लागते आणि आत हायड्रोजन भरतो. इथे मळानेच मालाला वाचवलेले असते. हायड्रोक्लोरिक आम्लाला मात्र ही सवलत नाही. त्याचे टँकर आतून रबराचे अस्तर लावलेले किंवा फायबरचे असतात.

उंबरठ्याखालच्या धातूंनाही हरवणारे लोक महाराष्ट्रातच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक. केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश-पंजाबपर्यंत सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एखादी काजळी धरलेली खोली दिसली आणि आतून मराठी ऐकू आले, तर तो गलाईवाला समजावा. जुने दागिने गाळून शुद्ध सोने काढणे हा त्यांचा धंदा. दागिन्यात सोन्याबरोबर चांदी आणि तांबे असते. गलाईवाला त्यात मुद्दाम आणखी चांदी घालून वितळवतो, साधारण एक भाग सोन्याला तीन भाग चांदी होईल इतकी. ऐकायला हे उफराटे वाटते. पण सोने जास्त असले तर ते चांदीला कवटाळून बसते आणि आम्लाला आत शिरू देत नाही. चांदी पुरेशी असली की आम्लाला वाट मिळते.

मग हा गोळा बारीक करून नायट्रिक आम्लात, म्हणजे जुन्या भाषेत शोऱ्याच्या तेजाबात, उकळतात. या आम्लात हायड्रोजन दुय्यम आहे. त्यातला नायट्रेट हाच इलेक्ट्रॉनचा भुकेला, ऑक्सिजनसारखा किंवा त्याहून अधिक. तांबे आणि चांदी त्याला नाही म्हणू शकत नाहीत. तांबडा-तपकिरी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड, आणि त्याने फुप्फुसे जळतात. धुराडे नसलेल्या खोलीत वर्षानुवर्षे हे काम केलेल्यांनी त्याची किंमत मोजली आहे. तळाला तपकिरी माती उरते. ती माती म्हणजे सोने. त्याला विरघळवायचे तर नायट्रिकमध्ये तिप्पट हायड्रोक्लोरिक घालून आम्लराज करावे लागते. नायट्रिक इलेक्ट्रॉन ओढते, हायड्रोक्लोरिकमधले क्लोराइड सुटलेल्या सोन्याला धरून ठेवते. एकेकट्याला जे जमत नाही ते दोघांना जमते.

वरच्या द्रावणात चांदी अडकलेली असते. त्यात तांब्याची पट्टी सोडली की पट्टीवर चांदीचा भुरभुरीत कापूस धरू लागतो आणि पाणी निळे होते. चांदीने तांब्याकडून इलेक्ट्रॉन परत घेतले, तांबे तिच्या जागी पाण्यात गेले. त्या निळ्या पाण्यात लोखंडाचे भंगार टाकले, तर तांबेही बाहेर येते आणि पाणी हिरवट होते. शाळेतला अभिक्रियाशीलता श्रेणीचा तक्ता इथे तीन बादल्यांत मांडलेला असतो.

घरातले आता थोडक्यात, कारण तिथे शास्त्र सोपे आहे आणि चुका मात्र फार. स्वयंपाकघरातला काळा कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडक, म्हणजे कॅल्शियम या धातूचा कार्बोनेट. लिंबाचा रस सांडून राहिला की कडप्प्यावर पांढुरका डाग पडतो. तो डाग नसतो, तो खड्डा असतो. पुसून जाणार नाही. आणि ग्रामपंचायतीकडून विहिरीत टाकायला येते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हेही कॅल्शियमचेच संयुग. तिच्यावर संडास धुण्याचे ॲसिड पडले तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात याच वायूने खंदकांतले सैनिक मारले. दोन्ही वस्तू एका कोपऱ्यात ठेवू नका, आणि 'दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ होईल' असे म्हणणाऱ्याला बाहेर काढा.

शेवटी पुन्हा चिंच. मुरबाड-शहापूरच्या शेतांत नांगरताना किंवा भाताच्या खाचरात बांध घालताना अधूनमधून एखादी शिवराई हाताला लागते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', दोन्ही हिरव्या-काळ्या थराखाली. घरी आणली की पहिली सूचना येते, लिंबू लाव, चिंच लाव, चकाचक होईल. होते. पण मघाचा मळ आणि माल यांचा हिशेब इथे उलटतो. तीनशे वर्षे ओल्या मातीत राहिलेल्या नाण्याचा पृष्ठभागच ऑक्साइड आणि जंगाल होऊन गेलेला असतो. अक्षरांच्या कडा त्या थरातच उरलेल्या असतात, खालच्या तांब्यात नसतात. चिंच आपले काम चोख करते, संयुग नेते आणि तांबे ठेवते, आणि हातात एक गुळगुळीत गुलाबी चकती राहते, जिच्यावर कोणाचेच नाव नाही. असे नाणे मिळाले तर साध्या पाण्याने माती काढा, पुसून पूर्ण कोरडे करा, कागदात गुंडाळा आणि जाणकाराला दाखवा. चिंच कळशीसाठी राहू द्या.